पूजेला ठेवलेला गेज

कारखान्यातलं माझं टेबल मुख्य दाराच्या डाव्या हाताला, पत्र्याच्या छपराखाली होतं. बाहेरच्या वर्कशॉपांतून तयार होऊन येणारा माल आधी या टेबलावर येई. मी तो मोजायचा आणि पेटीला हिरवी किंवा लाल चिठ्ठी बांधायची. हिरवी बांधली की पेटी जोडणी विभागात जाई. लाल बांधली की जिथून आली तिथे परत. वृत्तपत्रात जाण्यापूर्वी, साठच्या दशकात, मी सहा वर्षं हे काम केलं.

कारखाना उत्तर मद्रासमध्ये होता आणि तिथे शेतीचे पंप बनत. ओतकाम आणि जोडणी आत होई. लहान भाग मात्र बाहेरून करून घेतले जात, कारण मागणी वाढली होती आणि आतली लेथ यंत्रं पुरत नव्हती. अंबत्तूरला तेव्हा नवी औद्योगिक वसाहत उभी राहत होती. सारख्या आकाराच्या शेडच्या रांगा, मधे लाल मातीचे रस्ते, आणि प्रत्येक शेडमध्ये नोकरी सोडून आलेला कुणी एक माणूस. आमच्याकडच्या काही वरिष्ठांना ही व्यवस्था पसंत होती. काहींना नव्हती. नापसंत असलेले म्हणत की माल घरात झाला तर ओरडायला माणूस समोर असतो.

तपासणी विभागाचे प्रमुख साताऱ्याकडचे होते. कारखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, आणि दोघांची मराठी वेगळी. माझं कुटुंब तंजावरचं. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या तिथे गेल्या आणि वडिलांच्या कारकुनीमुळे आम्ही मद्रासला ट्रिप्लिकेनमध्ये येऊन राहिलो. घरची बोली जुनी, त्यात तमिळची भर. साहेबांना तिची मौज वाटे.

“तंजावरकर, तुम्ही बोलायला लागलात की मला दप्तरखान्यात बसल्यासारखं वाटतं,” ते म्हणत. “मधे मधे हो म्हणायला तमिळ ‘सरि, सरि’ म्हणता तेवढं सोडलं, तर बाकीचं मोडीत उतरवून ठेवावं.”

पहिल्याच आठवड्यात मी एका अहवालात “माल खराब” असं लिहिलं होतं. त्यांनी त्यावर रेघ मारली. “हे तुमचं मत झालं. किती नग मोजले, कशाने मोजले, किती भरले, एवढं लिहा. मत कुणी विचारलं तर सांगा. कुणी विचारणार नाही.” पुढे बातम्या लिहिण्याचं जे शिक्षण मला मिळालं त्यातला पहिला धडा हा. तो वृत्तपत्राच्या कचेरीत मिळाला नाही.

पंपाच्या शाफ्टभोवती गनमेटलचा एक बुश बसतो. बोटभर लांबीचा, आरपार भोक असलेला. शाफ्ट त्यात फिरतो, म्हणून भोक मोठं झालं तर शाफ्ट खडखडतो आणि लहान झालं तर आत जातच नाही. हे बुश आम्हाला अंबत्तूरच्या एका वर्कशॉपवाल्याकडून येत. मी त्यांना अण्णा म्हणत असे आणि ते मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ. वय पन्नाशीच्या आसपास. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं लेथवर काम करून त्यांनी ती नोकरी सोडली होती. शेड भाड्याची, लेथ दोन, कामगार सहा. दुसरं कुठलंही काम त्यांच्याकडे नव्हतं. आम्ही बुश घेणं थांबवलं असतं तर शेडला कुलूप लागलं असतं. त्यांनी हे पहिल्या भेटीतच सांगून टाकलं होतं, तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

भोक मोजण्यासाठी आम्ही त्यांना एक गेज दिला होता. पोलादाचा दांडा, मधे धरायला खरखरीत मूठ, दोन्ही टोकांना दोन गुळगुळीत दट्टे. एका टोकावर ‘गो’ कोरलेलं, दुसऱ्यावर ‘नो-गो’. भोकात ‘गो’ गेलं पाहिजे आणि ‘नो-गो’ जाता कामा नये. मग बुश बरोबर. दोन टोकांतला फरक इंचाच्या हजाराव्या भागाहून थोडा जास्त. तसलाच दुसरा गेज माझ्या टेबलावर असे. दोघांकडे एकच माप असल्यामुळे भांडणाला जागा नव्हती, निदान अशी कल्पना होती.

गेज वापराने झिजतो. म्हणून बाहेर दिलेला प्रत्येक गेज दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे परत यायचा, मी तो मायक्रोमीटरने मोजायचा, आणि त्याच्या कार्डावर तारीख घालून “ठीक” लिहून सही करायची. कार्डावर मापाचा आकडा लिहिण्यासाठी रकाना नव्हता. नुसतं “ठीक” पुरत असे.

त्या वर्षी आयुधपूजा नेमकी या आठवड्यात आली. दोन दिवस आधी अण्णा माल घेऊन आले आणि पेट्या उतरवून झाल्यावर टेबलापाशी घुटमळले.

“तंबी, गेज आज द्यायचा होता.”

“हो. आणलात?”

“आणला नाही. परवा पूजा आहे. गेज शेडमध्ये नसला तर पूजा कशाची करू? लेथ काम करतो, पण काम झालं की नाही ते गेजच सांगतो. तो पाटावर पहिला बसतो आमच्यात.”

मला हे पटलं. आमच्या घरी त्याच दिवशी खंडेनवमी असे. आई विळी, नारळ खवायची खवणी आणि वडिलांची टाकाची पेटी देवापुढे मांडत असे, आणि त्या दिवशी विळीला हात लावायचा नाही म्हणून भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवत असे. मी अण्णांना म्हटलं, गेज ठेवा, दसरा झाला की आणा. महिन्याची कार्डं साहेबांकडे त्याच आठवड्याअखेर जायची होती. एक रकाना मोकळा दिसू नये म्हणून मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख घातली, “ठीक” लिहिलं आणि सही केली. तेव्हा ते मला खोटं वाटलं नाही. चार दिवसांनी जे होणारच होतं ते मी आधी लिहिलं, एवढंच.

पूजेला मी अंबत्तूरला गेलो. शेडमधला तेलाचा थर घासून काढलेला होता. लेथला झेंडूच्या माळा होत्या, काम पकडून धरणाऱ्या चकवर कुंकू. मधल्या पाटावर हिरव्या केळीच्या पानावर गेज ठेवला होता, मुठीवर चंदन आणि कुंकवाचे ठिपके. तो इतका चकचकीत मी कधी पाहिला नव्हता. हाताच्या घामाने चढलेला तपकिरी रंग पार गेला होता.

“नव्यासारखा दिसतो,” मी म्हटलं.

“आमच्या मोठ्या मेस्त्रीने केला,” अण्णा म्हणाले. “देवीपुढे मळका कसा ठेवायचा?”

मेस्त्री, म्हणजे कामगारांतले सर्वांत वयस्क, बाजूला उभे होते. त्यांनी मान हलवली. मला चुरमुरे, डाळं आणि गुळाचा खडा मिळाला. मी ते खाऊन परतलो. गेजशी माझा रोजचा संबंध होता, आणि तो कशाने चकचकीत केला हे मी विचारलं नाही.

दसऱ्यानंतर पहिली खेप घेऊन अण्णा आले तेव्हा त्यांनी विचारलं, “गेज आता आणून देऊ?” सुटीमुळे टेबलावर पेट्यांचा ढीग साचला होता. कार्ड भरलेलं होतं. मी म्हटलं, “असू दे, पुढच्या महिन्यात आणा.”

त्याच खेपेतला पहिला बुश मी हातात घेतला आणि माझ्या गेजचं ‘गो’ आत जाईना. दुसऱ्यात जाईना. वीस नग मोजले, एकातही गेलं नाही. मी लाल चिठ्ठी बांधली. अण्णांनी माल नेला, शेडमध्ये आपल्या गेजने पुन्हा तपासला आणि दुसऱ्या खेपेबरोबर निरोप दिला की आमच्याकडे गेज आत जातो. दुसरी खेपही तशीच निघाली. ते स्वतः बसने आले.

“तंबी, माझा गेज आत जातो.”

“माझा जात नाही.”

“दोन्ही तुमच्याच कारखान्याचे आहेत.”

“मग तुमच्या लोकांना गेज धरता येत नसेल,” मी म्हटलं. “तिरका धरून दाबत असतील.”

“वीस वर्षं धरतोय,” ते एवढंच म्हणाले आणि पेट्या उचलायला वळले.

लागोपाठ तीन खेपा परत गेल्या तर वर्कशॉपचं नाव मान्य यादीतून काढायचं, असा नियम होता. तिसरी खेप आठवड्याने आली. मी वीसऐवजी चाळीस नग मोजले. लाल चिठ्ठी बांधताना माझा हात अडखळला असं लिहिणं सोयीचं होईल, पण तसं झालं नाही. मापं स्पष्ट होती.

दुपारी मला वर्क्स मॅनेजरांच्या खोलीत बोलावलं. ते बाहेरच्या कामाच्या विरोधातले. टेबलावर नाव काढल्याचं पत्र टाइप होऊन सहीसाठी पडलं होतं. अण्णांना बोलावणं गेलेलं होतं. ते भिंतीपाशी, हातात कापडी पिशवी घेऊन उभे होते. साहेब खुर्चीत होते. खिशातून मूठ मूठ बुश काढून ते टेबलाच्या काचेवर एका ओळीत मांडत होते.

“हे काय आता?” मॅनेजर इंग्रजीत म्हणाले.

“दहा मिनिटं द्या,” साहेब म्हणाले. “तिन्ही खेपांतले आहेत. सकाळी मी स्वतः मोजले. सगळे लहान आहेत, पण सगळे सारखेच लहान. एकही इकडचा तिकडे नाही. निष्काळजी माणसाचा माल असा चुकत नाही. त्याचा एक लहान निघतो, एक मोठा, चार बरोबर. हा माणूस कशाच्या तरी हुकमाप्रमाणे नेमकं काम करतोय. हुकूमच चुकलेला आहे.” मग ते अण्णांकडे वळून तमिळमध्ये म्हणाले, “गेज आणलाय?”

अण्णांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला गेज काढून दिला. मुठीच्या खरखरीत खाचांत कुंकू अजून होतं. साहेबांनी मायक्रोमीटर लावला, एकदा, मग टोक फिरवून दुसऱ्यांदा. कागदावर दोन आकडे लिहिले आणि कागद मॅनेजरांकडे सरकवला. दोन्ही टोकं मूळ मापापेक्षा इंचाच्या हजाराव्या भागाने बारीक झाली होती. बारीक झालेलं ‘गो’ लहान भोकातही जात होतं. आणि बारीक झालेलं ‘नो-गो’ बरोबर भोकांतही शिरत होतं, म्हणून शेडमधले लोक बरोबर बुश मोठे समजून पुढची भोकं आणखी लहान कापत गेले होते. ते गेजचं शब्दशः ऐकत होते.

“हा वापराने झिजलेला नाही,” साहेब म्हणाले. “वापराने पुढचं टोक झिजतं. हा सगळीकडून सारखा आहे.”

“पूजेसाठी साफ केला, सार,” अण्णा म्हणाले. “लेथवर फिरवून पॉलिश पेपर धरला. थोडाच वेळ.”

मॅनेजर खुर्चीत मागे टेकले. “म्हणजे गेज तुम्हीच बिघडवला. मग चर्चा कशाची?”

साहेबांनी माझ्याकडे न पाहता हात पुढे केला. “कार्ड.”

मी कार्ड दिलं. त्यांनी तारीख वाचली. “पूजा नवमीला. गेज तपासला एकादशीला, ठीक.” मग अण्णांना विचारलं, “पूजेनंतर पुन्हा कधी पॉलिश केला?”

“नाही.”

“नक्की?”

“नाही, सार.”

कार्डाप्रमाणे पूजेनंतर गेज बरोबर होता. म्हणजे एक तर कार्ड खोटं होतं, नाही तर अण्णा. खोलीत कार्डावर शंका घेईल असं कुणी नव्हतं. कार्ड तपासणी विभागाचं होतं. अण्णांना सगळं माहीत होतं. गेज आणू का, असं त्यांनी मला दसऱ्यानंतर विचारलं होतं. एक वाक्य बोलले असते तर त्यांची शेड वाचली असती. ते छताच्या पंख्याकडे पाहत उभे राहिले.

“गेज आलाच नव्हता,” मी म्हटलं. “मी आधीच सही केली. ते आणून द्यायला तयार होते. मीच पुढच्या महिन्यात आणा म्हटलं.”

हे मी मराठीत म्हटलं. का, ते मला आजही सांगता येत नाही. साहेबांनी ते मॅनेजरांसाठी इंग्रजीत सांगितलं, कमी न करता आणि न वाढवता, अहवाल वाचावा तसं.

मॅनेजरांनी मला विचारलं, “तुम्हाला नोकरी नको आहे का?”

“त्याचं मी बघतो,” साहेब म्हणाले. “यादीचा नियम वर्कशॉपच्या चुकीसाठी आहे. गेज आपला, तो महिन्याला मोजायची जबाबदारी आपली, आणि मोजल्याची सही आपली. पॉलिश करू नये हेही आपण त्यांना कधी सांगितलेलं नाही. मी सूचनापत्र पाहिलं, त्यात नाही. काम बाहेर दिलंय. डोळे बाहेर दिलेले नाहीत.”

“आणि जोडणी थांबली आहे, तिचं काय?”

यावर अण्णा पहिल्यांदा आपणहून बोलले. “भोक लहान आहे, सार. मोठं झालं असतं तर भट्टीत टाकावं लागलं असतं. लहान भोक पुन्हा कापता येतं. सहा दिवस द्या.”

मॅनेजरांनी पत्र उचललं, वाचलं आणि सही न करता ड्रॉवरमध्ये ठेवलं. “सहा दिवस,” ते म्हणाले. “सातव्या दिवशी मी ड्रॉवर उघडणार.”

बाहेर आल्यावर साहेब व्हरांड्यात थांबले. मी बोलण्याची वाट पाहत होतो.

“उद्यापासून तुमचं टेबल अंबत्तूरला,” ते म्हणाले. “चांगला गेज घेऊन जा आणि कापलेला एकेक बुश तिथेच मोजा. वीस नाही, चाळीस नाही. सगळे. आणि प्रत्येकाचा आकडा लिहायचा. ‘ठीक’ नाही.”

“सरि, साहेब.”

“बघा, परत सरि.”

ते हसले नाहीत, पण वाक्य नेहमीचं होतं, आणि त्यावरून मला कळलं की मी कामावर आहे.

घरी आईने दार उघडलं. “कां रे, तोंड एवढेंसें कां?”

“एक खोटें लिहिलें होतें. आज सांगून टाकलें.”

“कोणांस?”

“वरच्यांस.”

“नोकरी आहे कीं गेली?”

“आहे अजून.”

“मग हात धूं जा. भात निवूंलाला.”

तिने यापेक्षा अधिक काही विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अंबत्तूर गाठलं. शेडमध्ये दोन्ही लेथ सुरू होते. मला दाराजवळ एक स्टूल आणि उलटं ठेवलेलं खोकं देण्यात आलं. मेस्त्री पहिल्या लेथवर होते. मला पाहून ते शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, “तपासणीचे सार आले. माल नंतर करा, आधी सही घेऊन टाका.”

सगळे हसले. अण्णांनी त्यांना गप्प केलं नाही. मी स्टुलावर बसून वही उघडली.

पहिल्या दिवशी मी बुश लेथवरून निघाला की लगेच मोजत होतो. ‘गो’ व्यवस्थित जाई. मी आकडा लिहून बुश पेटीत टाकी. दुपारी जेवणाच्या सुटीनंतर पुन्हा सहज एक उचलून पाहिला तर ‘गो’ अडलं. दुसरा पाहिला, तोही अडला. मी हिशेब लावत बसलो होतो तेव्हा मेस्त्री हात पुसत आले. दोन दिवस बोलायचं नाही असा त्यांचा बहुधा निश्चय असावा, पण माझं अज्ञान त्यांना पाहवलं नाही.

“ताजा कापलेला गरम असतो,” ते म्हणाले. “गरम बुशचं भोक फुगलेलं असतं. तेव्हा मोजलं की बरोबर वाटतं. थंड झाला की आवळतो. गरम बुश खोटं बोलतो, सार.” मग म्हणाले, “बुशसुद्धा.”

त्यांनी एक पसरट पातेलं आणलं, त्यात रॉकेल ओतलं आणि कापलेले बुश त्यात टाकायला सुरुवात केली. थंड झाले की फडक्याने पुसून माझ्या खोक्यावर ठेवायचे, मग मी मोजायचे. सकाळचे सगळे पुन्हा लेथवर गेले. आमच्या कारखान्याच्या छापील सूचनापत्रात बुश किती वेळ थंड होऊ द्यावा याबद्दल एक अक्षर नव्हतं. ज्याने ते लिहिलं त्याने बुश नेहमी पेटीतून आलेलाच पाहिला असणार. मीही तसाच.

तिसऱ्या दिवशी मेस्त्रींनी आपल्या चहाबरोबर माझाही मागवला. चौथ्या दिवशी त्यांनी गेजबद्दल विचारलं. पॉलिश पेपरने इतकं जातं हे त्यांना खरंच वाटलं नव्हतं. मी शेडचा जुना, बिघडलेला गेज आणि नवा असे दोन्ही त्यांच्या हातात दिले. त्यांनी एक बुश घेऊन दोन्ही घालून पाहिले, तीन-चार वेळा. मग जुना गेज माझ्या खोक्यावर ठेवून ते लेथवर गेले.

त्या दिवशी परत जाताना अण्णा मला स्टेशनपर्यंत सोडायला आले. मी विचारलं, “त्या खोलीत तुम्ही का बोलला नाहीत?”

“काय बोलू?”

“मी सही आधी केली ते.”

“गेज पूजेला ठेवू द्या असं मी मागितलं, तुम्ही हो म्हटलं. मग साहेबांसमोर जाऊन मीच सांगायचं, ह्याने मला हो म्हटलं म्हणून?” पुढे म्हणाले, “शिवाय मला वाटलं, तुम्ही सांगाल.”

“नसतं सांगितलं तर?”

“तर नोकरी शोधली असती. लेथ येतो मला.” मग हसून म्हणाले, “गेजसुद्धा धरता येतो, तिरका न करता.”

सहाव्या दिवशी, दुपारच्या आत, पेट्या कारखान्यात आल्या. साहेबांनी माझ्या वहीतले आकडे पाहिले आणि कुठलेही तीस बुश काढून आपल्या गेजने मोजले. हिरव्या चिठ्ठ्या त्यांनी स्वतः बांधल्या. मॅनेजरांचा ड्रॉवर सातव्या दिवशी उघडला की नाही हे मला माहीत नाही. पत्र बाहेर आलं नाही.

अहवाल साहेबांनी लिहिला. त्यात चुकीचं कारण म्हणून तपासणी विभागाचं नाव होतं, आणि विभागप्रमुख म्हणून खाली त्यांची सही. माझं नाव त्यात नव्हतं. मी त्यांना त्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, “तुमचं नाव लिहिलं असतं तर तुम्हाला काढून सगळे मोकळे झाले असते आणि कार्डावर ‘ठीक’ तसंच राहिलं असतं.” महिन्याभरात कार्ड बदललं. मापासाठी रकाना आला, दोन टोकांसाठी दोन. सूचनापत्रात दोन वाक्यं वाढली: गेजला कोणत्याही कारणाने पॉलिश लावू नये; बुश पूर्ण थंड झाल्यावरच मोजावा. दुसरं वाक्य मेस्त्रींचं होतं. ते इंग्रजीत होतं, म्हणून मी अंबत्तूरला जाऊन त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “खाली माझी सही कुठे आहे?”

नंतरची तीस वर्षं मी वृत्तपत्रात काढली. तिथेही बरंचसं काम बाहेरच्यांनी केलेलं असे: गावोगावचे बातमीदार, छायाचित्रकार, छपाईचे ठसे करून देणारे. बातमी चुकली की बातमीदाराला काढायचं, ही तिथलीही पहिली सूचना असे. अशा वेळी मी आधी हे पाहत असे की आपण त्याला कोणतं माप दिलं होतं, आणि ते शेवटचं कधी तपासलं. ही सवय मी साहेब, अण्णा आणि मेस्त्री या तिघांकडून घेतली. त्यांतल्या दोघांना मी ते कधी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी आयुधपूजेच्या चार दिवस आधी साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या हातात मोडीत काढलेला एक गेज होता, त्याच मापाचा, झिजलेला. ‘गो’ आणि ‘नो-गो’ दोन्ही अक्षरांवर त्यांनी छिन्नीने फुल्या मारून घेतल्या होत्या.

“हा तुमच्या अण्णांच्या देवीला,” ते म्हणाले. “आणि खरा घेऊन या.”

मी अंबत्तूरला पोचलो तेव्हा शेड धुणं चाललं होतं. मी काही म्हणण्याआधीच अण्णांनी कपाट उघडून खरा गेज काढून दिला, तेलाच्या कागदात गुंडाळलेला, वर दोरा. मी फुल्या मारलेला गेज मेस्त्रींना दिला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला.

“याला किती घासू, सार?”

“हवा तेवढा.”

“देवीला फरक कळला तर?”

“देवी मोजत नाही,” अण्णा माझ्या हातातला खरा गेज दाखवत म्हणाले. “मोजायला हा आहे.”

मेस्त्री लेथकडे गेले आणि त्यांनी पॉलिश पेपर काढला. नवमीला तो गेज पाटावर पहिला बसला, चंदन-कुंकू लावून. मला चुरमुरे मिळाले, या वेळी घरच्यांसाठी पुडी बांधून.

खरा गेज मात्र मी फुल्यांचा दिला त्या दिवशीच माझ्याबरोबर परत आला होता. टेबलावर पोचल्यावर मी कागद सोडला, तेल पुसलं, गेज थोडा वेळ तसाच राहू दिला आणि मग मायक्रोमीटर लावला. दोन्ही टोकं मागच्या महिन्याइतकीच होती. मी कार्ड काढलं, त्या दिवसाची तारीख घातली आणि दोन आकडे लिहिले.